न सापडलेली गांडुळं

माझ्या हातून आयुष्यात जेवढी गांडुळं मेली, तेवढी आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या नांगरांखाली मिळूनही मेली नसतील. त्यातली बरीचशी मी मुद्दाम मारली, सरकारी पगार घेऊन. काही चुकून मारली, तीही पगार घेऊनच. मुद्दाम मारली त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. चुकून मारली त्याबद्दल मला मेमो मिळाला. आणि जी मेली असं मी कागदावर लिहिलं, त्यांच्यापायी माझी नोकरी गेली. ती गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक छोटं संशोधन केंद्र होतं. चार खोल्या, एक पडवी, मागे आंब्याची कलमं. तिथे मी हंगामी कनिष्ठ सहायक होतो. हंगामी म्हणजे अगदी आंब्यासारखा: मोहोराच्या आधी नेमणूक व्हायची आणि पावसाच्या तोंडावर संपायची. दर वर्षी नवा हुकूम. पण त्या वर्षी केंद्रात कायम जागा निघायची होती, आणि साहेबांनी मला सांगितलं होतं की या खेपेचं काम नीट करून दाखव, तुझ्या नावाची शिफारस मी करतो.

साहेब मूळचे सांगलीकडचे. माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा, मन मऊ, आणि वरून आलेल्या कागदाला भयंकर घाबरायचा. केंद्रात आणखी एक महत्त्वाचा माणूस म्हणजे आमचे परिचर. लांज्याच्या पलीकडच्या गावचे, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे मामा म्हणत. चारचौघांत ते मला 'तुमी' म्हणायचे आणि एकट्यात 'तू'. यातलं कुठलं खरं, हे मला फार लवकर कळलं होतं.

काम असं होतं. आंब्याच्या भुरीवर आणि करप्यावर एका कंपनीचं नवं बुरशीनाशक आलं होतं. पांढरी भुकटी, पाण्यात मिसळून कलमावर मारायची. आता कलमावर मारलेलं औषध काही कलमावर राहत नाही, निम्मं खाली ठिबकतं. खाली माती, मातीत गांडुळं. त्यांचं काय होतं, ते आम्हाला तपासायचं होतं. मोहोर फुटायच्या आधी बागायतदारांना वाटायचं पत्रक छापून व्हायचं होतं, आणि त्यात एक ओळ असावी अशी कंपनीची इच्छा होती: 'जमिनीतील गांडुळांना निरुपद्रवी.' ती ओळ छापायची की नाही, हे माझ्या बरण्यांवर ठरणार होतं.

साहेबांनी मला सायक्लोस्टाइल केलेली काही पानं दिली. परदेशातली पद्धत होती. लोणच्याच्या असतात तशा काचेच्या बरण्यांत माती घ्यायची. तिच्यात औषध कालवायचं, काहींत कमी, काहींत जास्त. प्रत्येक बरणीत दहा गांडुळं सोडायची. सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी माती उलटी करून मोजायची. जे टोचल्यावर हलत नाही ते मेलेलं. आणि चार बरण्या बिनऔषधाच्या ठेवायच्या. खरी मेख त्यांच्यात होती. बिनऔषधाच्या बरण्यांत दहात एकापेक्षा जास्त गांडूळ मेलं, तर सगळा प्रयोग रद्द. कारण मग औषधानं मेली की तुमच्या हातगुणानं, हे सांगता येत नाही.

मातीची कृती मात्र वेगळीच होती. इतकी रेती, इतकी पांढरी चिकणमाती, आणि थंड देशातल्या दलदलीत शेकडो वर्षं कुजलेल्या शेवाळाचा चुरा.

"हे काही आपल्याकडं मिळायचं नाही," साहेब म्हणाले. "साधी माती घे. पण औषधाचा थेंब न पडलेली पाहिजे."

रत्नागिरीत औषधाचा थेंब न पडलेली माती. केंद्राच्या कलमांखालची बाद, शेजारच्या बागांतली बाद. मी छाती पुढे काढून सांगितलं, आमच्या परसातली आणतो. घरामागे पाच माड आहेत, त्यांच्या बुंध्याशी आजवर औषधाची पुडी फुटलेली नाही. साहेब खूश झाले. मीही खूश झालो. माती चाळून, वाळवून, पोत्यांत भरून मी ती सायकलवरून दोन खेपांत केंद्रात नेली, आणि चढावर उतरून ढकलताना मला आपण विज्ञानासाठी काहीतरी सोसतोय असंही वाटलं.

मग गांडुळं. पावसाळा संपून दीड-दोन महिने झालेले, सड्यावरची माती विटेसारखी. गांडूळ शोधायचं तर न्हाणीच्या पाण्याची वाट धरायची. आमच्याकडे प्रत्येक घरामागे न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे केळी आणि अळू लावलेलं असतं, आणि तिथली जमीन बारा महिने ओली. मी बादली आणि कुदळ घेऊन आमच्या आळीतल्या न्हाण्यांमागे फिरलो. लोकांनी आधी विचारलं, गरीला लावून मासे पकडायला हवीत काय. मी म्हटलं, नाही, ऑफिसला. त्यावर जो तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायचा. शेजारच्या काकूंनी अळवाची मुळं दुखवायची नाहीत या अटीवर खणू दिलं आणि कुंपणावरून आईला विचारलं, "एवढा शिकवलास तो गांडुळं धरायला?"

आई म्हणाली, "धरायला नाही. मोजायला."

आईनं ते कौतुकानं म्हटलं असावं, असं मी आजवर धरून चाललो आहे.

अडीचशे गांडुळं जमली. ती मी घमेल्यात ओल्या मातीत ठेवली आणि घरी गेलो. आता त्या सायक्लोस्टाइल पानांत स्पष्ट लिहिलं होतं की दिवे चोवीस तास चालू ठेवा, म्हणजे उजेडाच्या भीतीनं गांडूळ मातीत राहतं. ते मी वाचलं होतं. पण वीज वाया घालवू नका अशी पाटीही आमच्या भिंतीवर होती, आणि ती मराठीत होती. मी दिवा घालवला.

सकाळी घमेलं जवळजवळ रिकामं होतं. गांडुळं पडवीत होती, पायरीवर होती, कपाटाखाली होती. मामांनी आणि मी त्यांना झाडूनं गोळा करायला घेतलं तोवर साहेब आले. साहेबांची ऑफिसात घालायची वेगळी चप्पल टेबलाखाली असायची. त्यांनी तिच्यात पाय घातला, थांबले, पाय काढला, चपलेतून गांडूळ उचललं, माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझ्या मोजणीत धर."

ही चपलेची गोष्ट दुपारपर्यंत मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात पोचली होती. कशी पोचली ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी मासळी घ्यायला गेलो तर तिथल्या बाईनं पाटीतल्या बांगड्याचं शेपूट धरून मला विचारलं, हा पळणार नाही ना.

असो. प्रयोग सुरू झाला. या वेळी दिवे लावले. चोवीस बरण्या, प्रत्येकीत दहा. पहिल्याच दिवशी मी बघितलं तर गांडुळं काचेवरून वर चढायचा प्रयत्न करत होती, सगळ्या बरण्यांत, बिनऔषधाच्यासुद्धा. मी वहीत नोंद केली: 'तब्येत उत्तम, हालचाल जोमदार.' ती वही पुढे कितीतरी लोकांनी वाचली. ते वाक्य प्रत्येकानं मोठ्यानं वाचलं.

सातव्या दिवशी बरण्या उलट्या केल्या. जास्त औषधाच्या बरणीतली मेलेली. कमी औषधाच्या बरणीतली मेलेली. बिनऔषधाच्या चारही बरण्यांतली मेलेली. ताजी माती, स्वच्छ पाणी, आणि चाळीसच्या चाळीस आडवी.

साहेबांनी चारही बरण्यांची माती वाकून बघितली. मग शांतपणे म्हणाले की औषध घातलं तरी मरतात, न घातलं तरी मरतात, म्हणजे निष्कर्ष एवढाच निघतो की रत्नागिरीत गांडुळानं राहू नये.

मामांनी मात्र चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, आणि खिडकीबाहेर थुंकले.

"खारट हाय," ते म्हणाले. "माडाखालची आणलास काय रे?"

आता सांगायला हरकत नाही. आमच्याकडे पाऊस सरला की माडाच्या बुंध्याभोवती गोल खड्डे, म्हणजे आळी, खणतात, त्यांत मासळीची कुटी, म्हणजे सुक्या माशांचा चुरा, टाकतात आणि वर जाडं मीठ घालतात. माडाला मीठ मानवतं. सगळ्या किनाऱ्यावर घालतात, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की ते मीठ त्या वर्षी मीच घातलं होतं. माझ्या हातानं, पाच माडांना, गांडुळांसाठी माती काढायच्या महिनाभर आधी. कुटीचा वास हाताला दोन दिवस होता. आणि तरी साहेबांना 'औषधाची पुडी फुटलेली नाही' हे सांगताना माझ्या डोक्यात मीठ आलं नाही, कारण मीठ हे औषध आहे असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. 

मेमो आला. 'नियंत्रणातील (औषधविरहित) गांडुळे मृत झाल्याबाबत लेखी खुलासा करावा.' मी तीन पानी खुलासा केला, त्यात माडाच्या खताचा इतिहास होता. साहेबांनी तो फाइलला लावला आणि म्हणाले, पुन्हा कर, वेळ थोडा आहे. कायम जागेबद्दल काही बोलले नाहीत. 

दुसऱ्या वेळेची माती मामांच्या गावची. त्यांच्या डोंगरउतारावर नाचणी घेत असत आणि गेली दोन वर्षं जमीन पडीक सोडली होती. तिथे ना माड, ना कलम, ना मीठ. मामा रविवारी गावी गेले आणि सोमवारी चार पोती घेऊन एसटीनं आले. कंडक्टरनं विचारलं, पोत्यांत काय. मामा म्हणाले, माती. कंडक्टर म्हणाला, रत्नागिरीत माती संपली काय. मामा म्हणाले, चांगली संपली. एवढ्यावर पोती टपावर चढली.

या खेपेला मी कुणावर विश्वास ठेवला नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. माती आधी जिभेवर ठेवून बघितली. मामांनी ठेवून बघितली. साहेब नाही म्हणाले. प्रत्येक बरणीच्या तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं, सुतळीचे तीन वेढे देऊन. दिवे चालू, आणि वीज गेली की मी कंदील घेऊन बरण्यांपाशी बसायचो. पाणी मोजून. गांडुळं पुन्हा न्हाण्यांमागून नवी आणून, धुऊन, टिपकागदावर टिपून, तोलून. चौदा दिवस मी गावाला गेलो नाही, लग्नाला गेलो नाही, एका मुलीला बघायला जायचं होतं तिथेही गेलो नाही. आई म्हणाली, ती मुलगी थांबायची नाही. मी म्हटलं, गांडुळंही थांबायची नाहीत. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त होतं.

सातव्या दिवशी मोजलं तेव्हा जास्त औषधाच्या बरण्या सोडल्या तर कुठेही गांडूळ कमी नव्हतं. चौदाव्या दिवशी मोजलं. बिनऔषधाच्या बरण्यांत दहाच्या दहा जिवंत, गुबगुबीत, हात लावला की आखडणारी. मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. जास्त मात्रेच्या बरण्यांत एकही जिवंत नाही. आणि पुडीवर छापलेली मात्रा मातीत जितकी उतरेल असं धरलं होतं, तेवढ्या मात्रेच्या चार बरण्यांत प्रत्येकी दहापैकी चार-पाच. तीही मलूल, बारकी, दोऱ्यासारखी. बाकीची मातीत नव्हती. ना जिवंत, ना मेलेली. माती बोटांनी चिवडली, पाण्यात कालवून गाळली. काही नाही.

पद्धतीत याबद्दल लिहिलेलं होतं: न सापडलेली गांडुळं मेलेली धरावीत, कारण मेलेलं गांडूळ मातीत लवकर विरघळतं. मी वहीत पहिल्या बरणीपुढे लिहिलं: चार जिवंत, सहा मृत.

साहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, "सहा मृत? कुठायत?"

मी पद्धतीतली ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "अरे, पळाली असतील. तुझी गांडुळं पळतात हे अख्ख्या जिल्ह्याला माहितीय."

फडकी बांधली होती, मी म्हटलं. बिनऔषधाच्या बरणीतलं एकही कसं पळालं नाही, असंही म्हटलं. पण मी बोलत होतो आणि त्यांची नजर टेबलाखालच्या चपलेकडे जात होती. माझा स्वतःचाच मूर्खपणा माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. हसरा, सगळ्यांची विचारपूस करणारा. मामांनाही त्यानं डायरी दिली. त्यानंही चपलेची गोष्ट ऐकली होती. त्याचं म्हणणं असं की आपण कुणी खोटं लिहा असं म्हणत नाही. फक्त 'मृत' लिहिण्याऐवजी 'आढळली नाहीत' लिहा. तेवढं लिहिलं की पत्रकातली ओळ छापता येते. कारण मेलेलं गांडूळ कुणी बघितलेलंच नाही.

तो गेल्यावर साहेबांनी मला बसवून घेतलं. त्यांनी धमकी दिली नाही. ते फार हळू बोलले. पुढच्या आठवड्यात आढावा बैठक आहे, मुख्यालयाचे मोठे अधिकारी येतायत, कायम जागेची फाइलही त्यांच्याच हातात आहे. तुझी पहिली खेप वाया गेली हे त्यांना माहीत आहे. दुसरी खेप तू वादग्रस्त करून ठेवलीस तर मी शिफारस कशी करू. 'आढळली नाहीत' हे खोटं नाही ना? नाही. मग झालं तर.

खरंच, खोटं नव्हतं. हेच मला रुतत होतं. घरी आलो तो तणतणतच. मिठाचं ठीक आहे, ती माझी चूक. दिव्याची चूक माझी. चपलेची चूक माझी, पाहिजे तर चपलेला नमस्कार करतो. पण ही सहा माझी चूक नाहीत. आयुष्यात एकदा मी एखादी गोष्ट नीट केली होती, चौदा दिवस, लुगड्याच्या फडक्यानिशी, आणि नेमकी तीच मला पुसायला सांगत होते. माझ्या चुका कुणी पुसा म्हटलं नाही. त्या फाइलला लावून ठेवल्या होत्या.

आई परसात होती. तिनं बांगडे साफ केले होते आणि आतडी-डोकी माडाच्या आळ्यात पुरत होती. मी जाऊन तिच्यापाशी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं पहारीनं नवीन खड्डा काढला, अगदी मागच्या आठवड्याच्या खड्ड्याला लागून. जुन्या खड्ड्याची कड ढासळली. आत चार काटे आणि थोडी काळी माती.

"बुधवारी एवढं पुरलं होतं," ती म्हणाली. "मातीत आठवडाभर काही राहत नाही. काटे तेवढे राहतात."

आणि मग, खड्डा लोटत, अगदी सहज: "गांडुळाला तर काटाही नाही."

मी उठलो. सायकल काढली आणि तसाच केंद्रात गेलो, मामांच्या गावची माती उरलीय का बघायला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर दहा धडधाकट गांडुळं गरम पाण्यात टाकून मारली. मला ते काम आवडलं नाही, हेही लिहून ठेवतो. अडीचशे मारताना जे वाटलं नव्हतं ते या दहांच्या वेळी वाटलं. साहेबांनी ती टोचून बघितली, मेलेली आहेत असं म्हणाले. मी ती मामांच्या गावच्या मातीत पुरली, बिनऔषधाच्या, तशाच बरणीत. फडकं बांधलं. सुतळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि साहेबांसमोर पेन धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय करतोयस ते त्यांना कळलं होतं. नाही म्हणता आलं असतं. त्यांनी पट्टीवर सही केली.

बैठक आठव्या दिवशी होती. मोठे अधिकारी, साहेब, कंपनीचा माणूस, आणि तीन बागायतदार. मामा चहा देत होते. माझ्या नावाचा विषय पाचवा होता, त्याला बारा मिनिटं दिली होती. त्यातली दोन मिनिटं मी वर्तमानपत्र टेबलावर अंथरण्यात घालवली आणि एक मिनिट कप बाजूला सरकवण्यात. मग पट्टी सगळ्यांना दाखवली, साहेबांना त्यांची सही ओळखायला लावली, ती फाडली आणि बरणी उलटी केली. अर्धी माती वर्तमानपत्रावर पडली. अर्धी मोठ्या अधिकाऱ्यांच्या कागदांवर. थोडी त्यांच्या चहात. मी माफी मागितली नाही, कारण एकदा मागायला लागलो असतो तर थांबलो नसतो.

"साहेब," मी आमच्या साहेबांना म्हटलं, "तुम्ही शोधा."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि शोधायला लागले. मोठे अधिकारीही वाकून बघायला लागले. दहा बोटं, पंधरा बोटं त्या मातीत फिरत होती. सापडलं ते असं: एक अर्धवट, काळं पडलेलं, हात लावताच तुटणारं, आणि आणखी एक तुकडा, जो गांडूळ होता की मूळ, यावर दोन बागायतदारांत मतभेद झाले.

"ही दहा मेलेली होती," मी म्हणालो. "तुम्ही टोचून बघितली होती. यातली नऊ कुठं पळाली?"

साहेबांनी बोटांची माती वर्तमानपत्रावर झटकली.  

कंपनीचा माणूस हसून म्हणाला की लांज्याकडच्या त्या मातीतच काहीतरी असेल, ती खात असेल गांडुळं. मामा त्याच्या पुढ्यात कप ठेवत होते. त्यांनी कप ठेवला, बशी नीट केली.

"असंल," ते म्हणाले. "मग त्या बिनऔषधाच्या चाळीस जित्या गांडुळांना का सोडलान तिनं?"

मोठे अधिकारी हसले. त्यांना हसताना बघून बाकीचे हसले. कंपनीचा माणूसही हसला, त्याला हसावंच लागलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बागायतदारांनी सरळ विचारलं की म्हणजे हे औषध कलमाखाली पडलं तर गांडुळं मरतात, असंच ना. मी म्हटलं, बरणीत मरतात. बागेत किती मरतील ते मला ठाऊक नाही. बागेत पाऊस आहे, पाचोळा आहे, खोल जायला जागा आहे. पण 'निरुपद्रवी' असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आधी या बरणीत हात घालावा. ते म्हातारे मान हलवत राहिले. मग विषय सहावा सुरू झाला.

पत्रक मोहोराच्या आधी छापून आलं. ती ओळ त्यात नव्हती. 'गांडुळांना अपायकारक' अशीही ओळ नव्हती. जिथे ती यायची होती तिथे नुसती मोकळी जागा होती, आणि तिच्याखाली फवारताना नाकाला फडकं बांधावं ही सूचना. मला राग आला. एवढं करून मोकळी जागा. मामा म्हणाले, खोटं छापायचं होतं ते नाय छापलान, तेवढं पुरे धर. मी पुरे धरलं नाही. आजही धरत नाही.

प्रयोगाची मूळ वही मात्र अजून बंद व्हायची होती. ती मुख्यालयाला जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. तक्ता समोर उघडा होता. 'मृत' हा शब्द मी पेन्सिलीनं लिहिला होता, कारण तोवरची नोंद पेन्सिलीनं करायची आणि शेवटी शाईनं गिरवायची, अशी आमची रीत होती. टेबलावर शाईचं पेन होतं. त्याच्या शेजारी खोडरबर होतं. साहेबांनी दोन्ही ठेवली होती.

"पत्रक तर छापून झालं," ते म्हणाले. "आता या वहीनं कुणाचं काही बिघडत नाही, सुधारत नाही. जागेची फाइल उद्या याच्याबरोबरच जातेय. तुझं तू ठरव."

मी खोडरबर उचललं. हे कबूल करतो. ते हातात धरून मी त्या तक्त्याकडे बघितलं. शेजारच्या पानावर माझी ती पहिल्या खेपेची नोंद होती, तब्येत उत्तम, हालचाल जोमदार. ती मी शाईनं गिरवलेली होती. मूर्खपणा शाईत आणि खरं ते पेन्सिलीत, अशी ती वही माझ्यामागे कपाटात पडून राहणार होती.

मी खोडरबर ठेवलं आणि पेन घेतलं. 'मृत' गिरवलं, पुडीच्या मात्रेच्या चारही बरण्यांपुढे, चार वेळा. दाबून गिरवलं, मागच्या पानावर उमटलं.

 साहेब तक्त्याच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "इथं सही कर. आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव लिही. म्हणजे पुढं कुणाला विचारायचं ते कळेल."

कायम जागेवर दुसरा माणूस आला. चांगला होता बिचारा, दिवे वेळेवर घालवायचा. माझा हंगाम पावसाआधी संपला आणि नवा हुकूम निघाला नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही लिहायला सुरुवात केली. सहीच्या रकान्याला लागूनच 'वरिष्ठांचा शेरा' असा एक रिकामा रकाना होता. 'पळाली असण्याची शक्यता' एवढे तीन शब्द त्यात आरामात मावले असते. मी वडिलांच्या नावाशी पोचलो तेव्हा त्या रकान्यात शिरलो होतो. आडनाव लिहून पेन उचललं तेव्हा वहीची कड आली होती, आणि शेऱ्याला जागा उरली नव्हती.